संध्याकाळचे पाय

परत आलेले खोके धाकट्याने कापायच्या टेबलाखाली सरकवले, तिथे मावेनात तेव्हा जिन्याखाली रचले, आणि जिन्याखालीही मावेनात तेव्हा त्यांच्यावर एक जुनी चादर टाकली. आत्या शिलाई मशीनवर बसून हे सगळं बघत होती. मेलं चादर टाकून काय होणार होतं? इस्पितळातल्या सगळ्या नर्सबाईंचे बूट होते ते, अख्ख्या घराने मान मोडून केलेले, आणि सगळेच्या सगळे परत आले होते. दुपारनंतर पाय आवळतात म्हणे.

रविवार होता. कारखाना बंद, तरी दादाने सगळ्यांना खाली बोलावलं होतं. या घरात महत्त्वाचं बोलणं वरच्या मजल्यावर कधीच होत नसे. वर खुर्च्या होत्या, पडदे होते, तिथे माणसं उगाच सभ्य व्हायची. खाली ज्याची त्याची जागा ठरलेली. बुटांचे लाकडी साचे कोरायच्या बाकावर दादा, कातडं कापायच्या टेबलाशी त्याचा भाऊ धाकटा, मशीनवर त्यांची बहीण आत्या, आणि खोके भरायच्या कोपऱ्यात दादाची बायको, वहिनी. त्यांचे वडील, आप्पा, होते तेव्हापासूनची ही रीत. आपल्या हत्याराशी बसलेला माणूस फार वेळ खोटं बोलू शकत नाही, असं आप्पांचं म्हणणं होतं. आत्याचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. याच जागांवर बसून या घराने भल्याभल्या गोष्टी गिळून टाकलेल्या तिने पाहिल्या होत्या.

सगळ्यात शेवटी भिंगरी जिना उतरून आली. दादा-वहिनींची एकुलती एक. लहानपणापासून एका जागी पाय ठरला नाही म्हणून ते नाव पडलं, आणि कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला गेली तरी सुटलं नाही. बगलेत रसायनशास्त्राचं पुस्तक होतं, कानामागे पेन्सिल होती. उद्या तिचा वार्षिक परीक्षेचा पहिला पेपर होता. ती चादरीकडे बघून थबकली, आणि मग आप्पांच्या जुन्या बुटक्या स्टुलावर बसली. ती जागा आता तिची होती, आणि ती तिला कुणी दिलेली नव्हती, तिने कमावली होती.

हे मात्र खरंच होतं. दीड-दोन वर्षांपूर्वी या कारखान्याला कुलूप लावायची भाषा चालली होती. आप्पा गेल्यावर गिऱ्हाइकाच्या पायाचं माप घ्यायचं बंद झालं, व्यापाऱ्यांसाठी ठरावीक नंबरांचे बूट करायचे आणि ते उचलतील तेव्हा उचलतील, असं रडतखडत चाललेलं. मग भिंगरीच्या वर्गात एक मुलगी निघाली, तिचा एक पाय दुसऱ्याहून मोठा. बिचारी दर वेळी दोन जोड घ्यायची आणि त्यातले दोन बूट टाकून द्यायची. भिंगरीने तिला घरी आणलं, जमिनीवर बसून दोन्ही पायांचे नकाशे कागदावर उतरवले, आणि बापाच्या मागे लागून दोन पायांचे दोन वेगळे लाकडी साचे कोरून घेतले. त्या मुलीने फोटो टाकले, आणि काय सांगावं, जगात सारख्या मापाचे दोन पाय कुणाचेच नसतात की काय, अशी रीघ लागली. पोरगी सकाळी कॉलेजच्या ग्रंथालयात, दुपारी कारखान्यात, संध्याकाळी प्रयोगशाळेत. वर्तमानपत्रात फोटो आला तोही कानामागच्या पेन्सिलीसकट.

"सरळच बोलतो," दादा म्हणाला. तो बोलायला लागला की हातातलं लाकूड फिरवत राहायचा. "इस्पितळातल्या मोठ्या सिस्टर म्हणाल्या, महिनाअखेरपर्यंत सगळे नीट करून द्या, नाहीतर आम्ही दुसरीकडे बघतो. म्हणजे सगळं पहिल्यापासून करायचं. त्यासाठी ही इथे पाहिजे. यंदाची परीक्षा राहू दे."

"राहू दे म्हणजे?" वहिनीने विचारलं.

"म्हणजे राहू दे."

"अहो, वर्ष जाईल तिचं!"

"आणि हे काम गेलं, नाव गेलं, तर काय राहील? कॉलेज काय, पुढच्या वर्षीही तिथेच असतं."

वहिनीने भिंगरीकडे पाहिलं, भिंगरीने पुस्तकाकडे. धाकट्याला शांतता सोसवत नसे. तो घसा खाकरून म्हणाला, "मी म्हणतो, आधी चूक कुठे झाली ते तरी बघू. मला विचाराल तर कातड्यातच खोट आहे. त्या व्यापाऱ्याचं तोंड बघूनच मी ओळखलं होतं."

"ओळखलं होतंत तर घेतलंत कशाला भाऊजी?" वहिनी म्हणाली. "मला तर वाटतं ते चिकटवायचं नवं सोल्युशन. वाळलं की आखडत असेल."

"सोल्युशन आखडत नाही वहिनी. माणसं आखडतात."

"थट्टा पुरे," दादा म्हणाला. "कातडं नाही आणि सोल्युशन नाही. लक्ष नव्हतं. एक पाय कॉलेजात आणि एक पाय कारखान्यात ठेवला की हेच व्हायचं."

आत्याने मशीनवरचा एक परत आलेला बूट उचलला. शिलाई तिचीच होती. तिने बूट उलटा केला, आत हात घातला, बोटांच्या जागी अस्तर कसं ताणलंय ते चाचपलं. कुठे काय चुकलं ते तिला कालच कळलं होतं. दादाला कळलेलं होतं. कातड्यावर एवढी बडबड करणाऱ्या धाकट्यालाही कळलेलं होतं. सगळे कसे बाई शहाण्यासारखे दुसरीकडे बघत होते.

"कातडं चांगलं आहे काका," भिंगरी म्हणाली. "मापं मी सकाळी घेतली."

"सकाळी?" वहिनीच्या हातातली दोरी गळाली.

"सकाळी!" धाकटा म्हणाला.

दादाने लाकूड खाली ठेवलं. आता एवढं तर या घरातल्या पाळण्यातल्या पोरालाही माहीत होतं. माप घ्यायचं ते संध्याकाळी. दिवसभर उभं राहून पाय थोडा सुजतो, थोडा पसरतो, तोच त्याचा खरा आकार. झोपून उठलेला पाय लबाड असतो, असं आप्पा म्हणायचे, आणि सकाळी आलेल्या गिऱ्हाइकाला चहा पाजून परत पाठवायचे. त्यातून या तर नर्सबाई, अख्खा दिवस पायांवर.

"संध्याकाळी प्रॅक्टिकल असायची," भिंगरी सांगत होती. तिचा आवाज खाली-खाली जात होता. "चुकवली असती तर परीक्षेला बसू दिलं नसतं. मला वाटलं, साचा अंदाजाने जरा सैल धरू. मग घाईत तेही राहिलं. मला माहीत होतं आत्या. माहीत असून केलं."

"बघा!" दादा म्हणाला. "मी काय म्हणत होतो? कॉलेजपायीच ना शेवटी?"

"हो बाबा. बरोबर आहे तुमचं." भिंगरीने पुस्तक मिटलं आणि टेबलावर ठेवलं, कातड्याच्या तुकड्यांवर. "मी नाही बसत परीक्षेला. उद्यापासून मापं घ्यायला जाते."

वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. धाकट्याने पुस्तकाखालचे तुकडे उगाच सारखे केले. "पोरीने कबूल केलंय ना, मग झालं," तो पुटपुटला. तो आता दादाच्या बाजूला झुकला होता. वाद मिटत असेल तर धाकटा कुठल्याही बाजूला झुकत असे.

पण दादाचं समाधान झालं नव्हतं. पोरीने इतक्या पटकन ऐकलं की त्यालाच कसंतरी झालं असावं, म्हणून तो आधार शोधत बहिणीकडे वळला. "तू सांग गं तिला. एका वर्षाने काही बिघडत नाही. तू नाही का सोडलंस कॉलेज घरासाठी? काय बिघडलं तुझं?"

आत्याच्या हातातला बूट तसाच राहिला.

भिंतीवर साच्यांच्या ओळी टांगलेल्या होत्या. सगळ्यात वरच्या ओळीत घरच्यांचे. त्या ओळीच्या टोकाला एक अरुंद, नाजूक साचा होता. आत्या कॉलेजला जायला लागली तेव्हा आप्पांनी तो कोरला होता. त्या साच्यावरचे बूट घालून ती जेमतेम वर्षभर कॉलेजला गेली. मग आप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला, शिलाई वाकडी पडायला लागली, आणि एके दिवशी आत्या कॉलेजातून आली ती मशीनवर बसली. परत उठलीच नाही म्हटलं तरी चालेल. पुढे आप्पांचे डोळे बरे झाले. तिचं कॉलेज मात्र राहून गेलं ते गेलंच.

"काय बिघडलं ते तुला सांगू दादा?" ती म्हणाली. "की तुला माहीत आहे?"

"मी आपलं सहज—"

"सहजच ना. त्या दिवशीही सगळं सहजच झालं. मी मशीनवर बसले तेव्हा तू इथे होतास, याच बाकावर. आप्पा होते, आई होती. कुणी म्हणालं नाही, सोड कॉलेज. आणि कुणी असंही म्हणालं नाही, की उठ पोरी, जा, आम्ही बघतो. मी महिनाभर वाट बघितली रे. तोंडं शिवल्यासारखे बसलात सगळे. इतकी वर्षं तुम्ही म्हणता, हिने घरासाठी सोडलं. मी कशाला सोडते? मला कुणी परत पाठवलं नाही."

हे तिने जन्मात कधी बोलून दाखवलं नव्हतं. बोलून झाल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. दादा खाली बघत होता.

"आणि आता ही नाटकं," आत्याचा पारा चढतच गेला. "सकाळी! अगंबाई, सकाळी! धाकट्या, तूच स्कूटरवरून सोडायचास ना हिला इस्पितळात? तेव्हा काय सूर्य मावळत होता? वहिनी, तुम्ही हिला डबा करून द्यायचात, तो काय रात्रीच्या जेवणाचा? दादा, दुपारी नकाशे तुझ्या हातात यायचे आणि तू साचे कोरायला घ्यायचास. संध्याकाळचे नकाशे दुपारी कसे आले, हे नाही विचारलंस?"

"ताई, तूपण इथेच होतीस की," धाकटा हळूच म्हणाला.

"होते ना! तेच सांगतेय. मीही बघितलं आणि मशीन चालवत राहिले. इतकं मोठं काम आलं होतं, पोरगी इतकी हुशार, आपण कशाला मध्ये बोला! बघायचं आणि गप्प बसायचं, ही या घराची खोडच आहे. चूक पाच जणांनी केली आणि वर्ष एकटीचं जाणार होय? ते काही चालायचं नाही. मी चालू देणार नाही."

मग वहिनी डोळे पुसून ताठ बसली. "ताईंचं बरोबर आहे," ती म्हणाली. "मी डबा देताना एकदा विचारणार होते. नाही विचारलं."

"बरोबर असेल," दादा म्हणाला. त्याचा सूर उतरला होता, पण हट्ट सुटला नव्हता. "पण मापं कुणी घ्यायची? मी लोकांच्या पायांशी बसणार नाही. आप्पा जन्मभर बसले. लोक त्यांच्या डोक्यावरून आपापसात बोलायचे, जणू खाली माणूसच नाही. मी तेव्हाच ठरवलं होतं."

"म्हणून तू कधी बसला नाहीस, आणि पोरगी बसते ते चालतं," आत्या म्हणाली.

भिंगरी घाईघाईने म्हणाली, "आत्या, राहू दे गं. मलाच जायला हवं. त्या सगळ्या मला ओळखतात. बाबा तिथे एक शब्द बोलणार नाहीत आणि काका नको तितके बोलतील."

"हे मात्र खरं," धाकटा म्हणाला.

"तुझंही तेच चुकतं भिंगरे," आत्या म्हणाली. "सगळं आपणच करायचं. सकाळी तुला वेळ होता, संध्याकाळी नव्हता, मग संध्याकाळी आम्ही काय मेलो होतो? एकदा म्हणायचंस, आत्या, तू जा. तुझ्या तोंडून निघालं नाही. का? आम्हाला जमलं नसतं म्हणून?"

भिंगरीने मान खाली घातली. "मला वाटलं, मी सांगितलं तर बाबा म्हणतील, झेपत नसेल तर कॉलेज सोड."

सगळ्यांच्या नजरा दादाकडे गेल्या. त्याला म्हणायला होतं काय? तो अगदी तेच म्हणाला असता, आणि पाच मिनिटांपूर्वी म्हणालाही होता. त्याने टेबलावरचं पुस्तक उचललं, त्याला चिकटलेला कातड्याचा तुकडा काढला, कव्हर बाहीने पुसलं आणि पोरीच्या पुढे धरलं.

"वर जाऊन वाच," तो म्हणाला.

सोमवारी संध्याकाळी इस्पितळातल्या नर्सबाईंच्या खोलीत पाळी बदलायच्या वेळी ही गर्दी. भिंतीला लागून कपाटं, मध्ये लांब बाक, औषधांचा आणि साबणाचा वास. मोठ्या सिस्टर दारात हाताची घडी घालून उभ्या होत्या. "ती मुलगी कुठाय?" त्यांनी विचारलं.

"तिची परीक्षा आहे," आत्या म्हणाली. "मी तिची आत्या. हा तिचा बाप. चूक आमच्या घराची आहे सिस्टर, मापं सकाळी घेतली गेली. आज नीट घेतो. बाईंना कितीही उशीर झाला तरी आम्ही थांबू."

सिस्टरांनी तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "निदान कारण तरी खरं सांगितलंत," त्या म्हणाल्या. "बसा."

बसा म्हणणं सोपं होतं. आत्या कागद पसरून खाली बसायला गेली तसा गुडघ्यातून असा कट्कन आवाज आला, की बाकावरच्या बाई घाबरून उठल्या. "अहो, तुम्हीच बसा वर, मी बसते खाली!" सगळ्या हसल्या. आत्याही हसली, पण आतून तिची गाळण उडाली होती. किती वर्षांत ती मशीन सोडून कुठे गेली नव्हती. शिवणाऱ्या बाईला पाय दिसत नाहीत, नुसतं कातडं दिसतं. इथे समोर खरा पाय होता, थकलेला, शिरा फुगलेला, करंगळीवर फोड आलेला. तो फोड तिनेच शिवलेल्या बुटाने आणला होता. तिला फार वाईट वाटलं, आणि तिने तसं सांगितलं.

"होतं हो," त्या बाई म्हणाल्या. "तुमची मुलगी गोड आहे. पेपर कसा गेला तिचा?"

दादा दाराशी खांबासारखा उभा होता. बगलेत कागदांची गुंडाळी, हातात टेप. आत्याने त्याला हाक मारली नाही. हाक मारून आला असता तर उपयोग नव्हता. एका पायाचा नकाशा झाला, दुसऱ्याचा झाला, पुढच्या बाई आल्या. रांग दारापर्यंत गेली होती. त्यातल्या एक वयस्क बाई बाकाच्या टोकाला टेकल्या, बूट काढताना डोळे मिटून 'आई गं' म्हणाल्या. दादा त्यांच्या पायांकडे बघत राहिला. मग तो आला, बाकाच्या त्या टोकाशी खाली बसला, आणि न बोलता त्यांची टाच तळहातावर घेतली.

"कुठे लागतं?" त्याने विचारलं.

"इथे, बोटांपाशी."

"चूक माझी आहे," दादा म्हणाला. "नकाशा बघून मला कळायला हवं होतं."

त्या बाई त्याच्या डोक्यावरून कुणाशीही बोलल्या नाहीत. त्याच्याशीच बोलत राहिल्या, सुनेबद्दल, पाठदुखीबद्दल, आणि दादा, जो घरात दिवसाकाठी चार वाक्यं बोलत नसे, तो हं-हं करत ऐकत राहिला. आत्याने ते बघितलं आणि पुढच्या पायाखाली नवा कागद सरकवला.

रांग संपत आली तेव्हा भिंगरी धापा टाकत दारात उभी. "मी आले! आत्या, दे इकडे, मी घेते." मग तिला बाप दिसला, जमिनीवर बसलेला, मांडीवर कुणाचा तरी पाय घेतलेला. ती तिथेच थांबली.

"पेपर?" दादाने मान वर न करता विचारलं.

"बरा गेला."

"मग त्या खुर्चीवर बस आणि उद्याचं वाच."

ती बसली. पुस्तक उघडलं, पण पान काही उलटलं नाही. शेवटच्या बाई गेल्या, मोठ्या सिस्टरही स्वतःच्या पायांची मापं देऊन गेल्या. दादाने कागद गुंडाळायला घेतले. आत्या बाकाला धरून कशीबशी उठली आणि बाकावर बसली.

तेवढ्यात भिंगरी पुस्तक ठेवून तिच्यापुढे खाली बसली. एक कोरा कागद तिने जमिनीवर पसरला.

"आत्या, चप्पल काढ."

"काय गं हे? माझा साचा आहे की घरी."

"तो कॉलेजातल्या मुलीचा आहे," भिंगरी म्हणाली. "तुझा कुणी केलेलाच नाही. सगळ्या गावाच्या पायांची मापं घेतली मी, आणि तू रोज समोर या चपला फरफटत चालतेस. ते बघूनही मी गप्प बसले."

आत्या काही बोलायला गेली, पण तिला रडूच आलं. लाज वाटावी इतकं आलं. दादाने गुंडाळी खाली ठेवली, आणि काल जी गोष्ट त्याला बोलता आली नव्हती ती तो आता बोलला, इतक्या वर्षांनी, नर्सबाईंच्या रिकाम्या खोलीत.

"मी तेव्हा म्हणायला हवं होतं, जा म्हणून," तो म्हणाला. "मला भीती वाटली गं. तू गेलीस तर मशीनवर मला बसावं लागेल, आणि मला शिवता यायचं नाही."

"अजूनही येत नाही," आत्या डोळे पुसत म्हणाली.

भिंगरीने कानामागची पेन्सिल काढली. बाहेर दिवे लागले होते. दिवसभराचा थकलेला, पसरलेला, आहे तेवढाच खरा पाय आत्याने पुढे केला.